दोऱ्याची वाट: भरतकामाच्या मशीनवरील ताणाविषयी प्रस्तावना

वीस हेडचं आणि प्रत्येक हेडला नऊ सुया असलेलं मशीन घेतलं, तर त्यावर एका वेळी १८० दोरे ओवलेले असतात. प्रत्येक दोऱ्याला ताण देणारे दोन नॉब, म्हणजे ३६० नॉब. खाली वीस बॉबिन केस, प्रत्येकीला एक बारीक स्क्रू. यातल्या एका ठिकाणी बिघडलं की दोरा तुटतो, आणि एका हेडवरचा दोरा तुटला की विसाच्या वीस हेड थांबतात. पुन्हा दोरा ओवून, चार टाके मागे घेऊन मशीन सुरू करायला दोन मिनिटं लागली असं धरलं, तरी ती दोन मिनिटं वीस हेडची असतात. एका तुटलेल्या दोऱ्यापायी एका हेडचं चाळीस मिनिटांचं काम गेलं. शाळेचं बारा हजार टाक्यांचं बोधचिन्ह मिनिटाला ८५० टाक्यांच्या वेगानं साधारण चौदा मिनिटांत भरून होतं. त्यात तीनदा दोरा तुटला तर त्यालाच वीस मिनिटं लागतात. पाळी संपताना मालक विचारतो, आज माल कमी का निघाला? ऑपरेटर सांगतो, टेन्शनचा प्रॉब्लेम होता.

हे पुस्तक त्या उत्तरातून निघालं आहे. टेन्शनच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक तक्रारी टेन्शनच्या नॉबपाशी सुरूच होत नाहीत, आणि म्हणून नॉब फिरवून सुटतही नाहीत. कोनावरून दोरा निघतो तिथपासून कापडाच्या पाठीमागे टाका पक्का होतो तिथपर्यंत त्याला दहा-बारा ठिकाणी काहीतरी घासतं, अडवतं, वळवतं. या सगळ्या ठिकाणच्या अडथळ्यांची बेरीज म्हणजे ताण. नॉब हा त्या बेरजेतला फक्त एक आकडा. बाकीचे आकडे चुकलेले असताना हा एक बदलला तर थोडा वेळ बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच दोरा पुन्हा तुटतो. मग नॉब आणखी फिरतो. असे दोन-तीन आठवडे गेले की त्या मशीनवरच्या एकाही नॉबला काही अर्थ उरत नाही.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सोलापूर आहे. चादर आणि टॉवेलसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात शालेय गणवेशांचा मोठा धंदा उभा राहिला आहे, आणि गणवेश म्हटला की खिशावर शाळेचं नाव आणि चिन्ह आलंच. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्यामुळे सगळी घाई मार्च ते जून या चार महिन्यांत असते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मशीनं दोन-दोन पाळ्यांत चालतात. पुस्तकातले प्रश्न मात्र सगळीकडचे आहेत. सुरतच्या लिंबायत-उधना भागात एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर उभा राहणारा खानदेशातला मुलगा असो, भिवंडीतला कारागीर असो, की बचत गटाच्या कर्जातून एक हेडचं मशीन घेऊन ब्लाऊजवर काम करणारी ताई असो, दोरा सगळ्यांचा त्याच कारणांनी तुटतो.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण ताणाचा हा प्रश्न यंत्राबरोबर पहिल्या दिवसापासून आलेला नाही. फ्रान्समधल्या म्यूलूझ इथल्या जोस्वे हाइलमान यानं १८२८च्या सुमारास भरतकामाचं पहिलं यंत्र केलं. त्यातली सुई दोन्ही टोकांना अणकुचीदार, नेढं मधोमध, आणि दोरा हातभर कापलेला. सुई कापडातून आरपार जायची आणि दोरा चालवणाऱ्याच्या हाताच्या अंदाजानं ओढला जायचा. तिथे खालचा दोरा नव्हताच. स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोबलीनं १८६३ साली शिफ्ली यंत्र आणलं, त्यात पुढून सलग दोरा आणि मागून धोट्यातला दुसरा दोरा अशी जोडी आली. दोन दोरे आले आणि त्यांच्या ताणाचा मेळ घालायचं काम आलं. पुढे जपानच्या ताजिमा कंपनीनं १९६४ साली अनेक हेडचं मशीन बाजारात आणलं, नंतर संगणक आला, चिनी मशीनं आली आणि किमती उतरल्या. नियंत्रण करणारी पाटी दर चार-पाच वर्षांनी बदलते. दोन दोऱ्यांची गाठ मात्र ग्रोबलीच्या वेळी जशी पडत होती तशीच आजही पडते.

ती गाठ कशी पडते हे एकदा नीट कळलं की अर्धं पुस्तक वाचल्यासारखं आहे. सुई कापडातून खाली जाते आणि अगदी तळाला पोचून दोन-अडीच मिलिमीटर वर येते. तेवढ्या वर येण्यानं नेढ्याच्या मागे दोऱ्याचा एक छोटा फुगवटा तयार होतो. त्याच क्षणी हुकाचं टोक तिथे येऊन तो फुगवटा पकडतं, ओढून मोठा करतं आणि बॉबिन केसच्या भोवतीनं फिरवून आणतं. वरचा दोरा असा खालच्या दोऱ्याला वळसा घालतो. मग टेक-अप लिव्हर वर जाते, उरलेला सगळा सैल दोरा ओढून घेते, आणि टाका आवळला जातो. ८५० टाक्यांच्या वेगाला हे सगळं सेकंदाला चौदा वेळा होतं, आणि प्रत्येक टाक्याला हूक दोन फेरे घेतो. दोऱ्याचा एकच तुकडा टाक्यात बसण्याआधी नेढ्यातून कित्येक वेळा खालीवर होतो. नेढ्यात केसाएवढा ओरखडा असला तरी तो त्या तुकड्याला इतक्या वेळा घासतो की शेवटी दोरा पिंजून तुटतो. त्यात नॉबचा काहीही दोष नसतो.

साध्या शिलाईत दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध बसावी लागते. भरतकामात तसं नको असतं. इथे वरचा रंगीत दोरा थोडा मागच्या बाजूला ओढला गेला पाहिजे, म्हणजे पुढून पांढऱ्या बॉबिनच्या दोऱ्याचा ठिपकाही दिसत नाही. ही रस्सीखेच खालच्या दोऱ्यानं जिंकायची असते, पण थोडक्यात. गंमत अशी की ती जिंकणाऱ्या खालच्या दोऱ्यावरचा ताण आकड्यात कितीतरी कमी असतो. ४० नंबरच्या पॉलिएस्टर दोऱ्याला सुईपाशी ताण मोजला तर तो साधारण १०० ते १३० ग्रॅम भरायला हवा, आणि बॉबिनला १८ ते २५ ग्रॅम. वरच्या दोऱ्याला एवढी लांब वाट, इतकी वळणं आणि हुकाभोवतीचा फेरा असतो, म्हणून त्याला आवरायला एवढा ताण लागतो. हे आकडे सुरुवातीचे आहेत. कापड, दोरा आणि डिझाइन बदललं की ते थोडे सरकतात. पण ज्याच्याकडे आकडाच नाही त्याला आपण कुठून कुठे सरकलो हे कधीच कळत नाही. ताण मोजायचं छोटं यंत्र बाजारात मिळतं, आणि एका वाया गेलेल्या लॉटच्या मानानं ते स्वस्त पडतं.

कापडाची पाठ वाचायला शिका, हे मी प्रत्येक नव्या ऑपरेटरला सगळ्यात आधी सांगतो. चार-पाच मिलिमीटर रुंदीची सॅटिनची उभी पट्टी, म्हणजे इंग्रजी आय अक्षर, प्रत्येक सुईनं भरायची. मग कापड उलटं करायचं. पट्टीच्या मधोमध पांढरा दोरा एक तृतीयांश रुंदीत दिसला आणि दोन्ही कडांना वरचा रंग एक-एक तृतीयांश असला, तर ताण बरोबर. पांढरं अजिबात दिसत नसेल तर वरचा दोरा सैल आहे किंवा बॉबिन घट्ट. पांढरं अर्ध्याच्या पुढे गेलं असेल तर वरचा घट्ट किंवा बॉबिन सैल. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. यापुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. पांढरा पट्टा वरपासून खालपर्यंत एकसारखा चुकलेला आहे, की कुठे रुंद, कुठे अरुंद, कुठे गायब असा हेलकावे खातो आहे? एकसारखी चूक असेल तर ती मापाची चूक आहे, आणि ती नॉबनं किंवा स्क्रूनं सुधारते. हेलकावे असतील तर दोरा झटके खात येतो आहे. कोनापाशी अडकतोय, बॉबिन वेडीवाकडी भरली आहे, किंवा बॉबिन केसच्या पातळ पट्टीखाली कापसाचा कण येऊन-जाऊन बसतो आहे. अशा वेळी नॉबला हात लावला तर झटके तसेच राहतात, फक्त त्यांची सरासरी बदलते.

दुसरी गोष्ट, दोष कुठे-कुठे दिसतो ते मोजायचं. एकाच हेडवर एकाच सुईचा दोरा वारंवार तुटत असेल तर त्या एका दोऱ्याची वाट बघायची: त्याचा कोन, त्याची नळी, त्याच्या ताणाच्या चकत्या, त्याची सुई. एका हेडवर नऊच्या नऊ सुयांना त्रास असेल तर नऊ वाटा एकदम बिघडत नाहीत. त्या सगळ्यांच्या वाट्याला जे समान येतं तिकडे वळायचं, म्हणजे हूक, बॉबिन केस आणि सुईखालची प्लेट. सगळ्या हेडवर एकच रंग तुटत असेल तर त्या दोऱ्याच्या लॉटवर संशय घ्यायचा. आणि सगळ्या हेडवर डिझाइनच्या नेमक्या एकाच जागी दोरा तुटत असेल तर मशीनला हात लावायचाच नाही. तो दोष पंचिंगचा, म्हणजे डिझाइनचे टाके रचण्याच्या कामाचा आहे. तिथे टाके एकावर एक रचले गेले असतील, अर्ध्या मिलिमीटरहून छोटे टाके पडले असतील, किंवा तीन थर एकाच ठिकाणी आले असतील. वीस हेडवर एकाच जागी वीस दोरे तुटतात याचा दोष नॉबवर टाकला, तर ३६० नॉब फिरवावे लागतील आणि तरी काम होणार नाही. तुटलेल्या दोऱ्याच्या जागांची खूण चौकटीच्या कागदावर करायला एक मिनिट लागतं. त्या एका मिनिटात शोधाची दिशा ठरते.

तुटलेलं टोकही पुष्कळ सांगतं. ते फेकून देऊ नका. टोक पिंजलेलं, झुपकेदार असेल तर दोरा घासून घासून गेला आहे: बोथट सुई, नेढ्यातला ओरखडा, दोऱ्याच्या मानानं लहान नेढं, फार वेग. टोक कात्रीनं कापल्यासारखं सरळ असेल तर कुठेतरी धार आहे, बहुधा हुकावर किंवा प्लेटच्या भोकाच्या कडेला. टोक ताणून लांबलेलं आणि कुरळं झालेलं असेल तरच खरोखर ताण जास्त होता असं म्हणायचं. वरच्या बाजूला कापडावर दोऱ्याच्या गाठी आणि फास उठत असतील तर वरचा दोरा सैल आहे, किंवा तो कुठल्यातरी चकतीतून निसटून बाहेर पडलेला आहे. हे दुसरं कारण फार वेळा खरं निघतं. घाईत ओवलेला दोरा चकत्यांच्या मध्ये न जाता वरच्यावर राहतो, आणि ऑपरेटर सैल ताण म्हणून नॉब घट्ट करत बसतो.

आता वाटेकडे येतो. पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग याचाच आहे. दोरा कोनावरून उभा वर जातो. वरची नळी किंवा कडी कोनाच्या मध्यावर नेमकी हवी. ती तिरकी असली तर दोरा प्रत्येक फेऱ्याला कोनाच्या एका कडेला घासतो. पॉलिएस्टर गुळगुळीत असल्यामुळे ओघळून कोनाच्या बुडाशी जमतो आणि बुडाखाली अडकतो. कोनावर जाळी चढवली की हे थांबतं. पुढे दोरा पहिल्या, छोट्या ताणाच्या चकत्यांत येतो. या पहिल्या नॉबचं काम दोरा सरळ, थोडा ताणलेला पुढे पाठवायचं एवढंच. टाक्याचा सगळा ताण इथेच द्यायचा नसतो. मग येतं दोरा तुटल्याचं ओळखणारं चाक. दोरा चालतो तसं ते फिरतं आणि फिरायचं थांबलं की मशीन थांबतं. दोरा शाबूत असताना मशीन थांबत असेल तर बहुधा दोरा त्या चाकावरून घसरतो आहे. वेढा कमी पडला आहे, किंवा ताण इतका सैल आहे की चाकाला पकड मिळत नाही. त्यानंतर मोठा नॉब. आणि त्याच्या लगोलग चेक स्प्रिंग.

चेक स्प्रिंगपाशी थोडं थांबायला हवं, कारण ती सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. केसाएवढी बारीक तार, वाकडी झाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. सुई खाली येत असताना लिव्हरही खाली येते आणि क्षणभर दोरा सैल पडतो. तो सैलपणा सुईच्या टोकाखाली आला तर सुई स्वतःच्याच दोऱ्याला भोसकते आणि दोरा चिरतो. चेक स्प्रिंग तेवढा सैलपणा आपल्याकडे ओढून धरते, सुई कापडात शिरेपर्यंत. सुई शिरली की तिनं सोडून द्यायचं असतं. ती कमजोर झाली तर दोरा चिरतो, फार कडक असली तर हुकाला फुगवटा मिळत नाही आणि टाका सुटतो. पाच ते सात मिलिमीटर हालचाल बहुतेक मशीनला पुरते. मशीन बंद करून दोरा हातानं हलका ओढून बघा. शेजारच्या हेडवरची तार जशी हलते तशीच हीही हलायला हवी. मापपट्टी नसली तरी शेजारचं हेड असतंच, आणि अनेक हेडच्या मशीनचा हा मोठा फायदा आहे. एक चांगलं चालणारं हेड हेच बाकीच्या एकोणीस हेडचं माप.

बॉबिनची बाजू यापेक्षा सोपी आहे, पण तिथे हात जड पडतो. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची. ती आपोआप खाली घसरत गेली तर ताण कमी, आणि हलका झटका देऊनही जागची हलली नाही तर जास्त. झटक्यासरशी थोडी खाली येऊन थांबली तर बरोबर. ही परीक्षा करण्याआधी केसच्या पातळ पट्टीखाली जाड कागदाचा कोपरा, जुनं व्हिजिटिंग कार्डही चालतं, सरकवून फिरवून काढायचा. तिथून कापसाची एवढीशी गुंडाळी बाहेर पडते आणि पुष्कळदा तक्रार तिथेच संपते. पट्टीखाली पिन किंवा स्क्रूड्रायव्हरचं टोक घालू नका. त्यानं पडलेला ओरखडा कायमचा राहतो. स्क्रू फिरवायचा झाला तर घड्याळाच्या काट्याची पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी पुन्हा लोंबकळवून बघायची. विसाही केसचा ताण एकसारखा करून घ्यायचा आणि मगच वरच्या दोऱ्याकडे जायचं. वरचा ताण खालच्याच्या आधारानं ठरवला जातो. खालचा प्रत्येक हेडला वेगळा असेल तर वरचे १८० दोरे कशाशी जुळवायचे?

सुईबद्दल मी पुस्तकात लांबलचक लिहिलं नाही, कारण सांगायचं थोडंच आहे आणि ते करायला लोक कंटाळतात. डीबीएक्सके५ जातीची सुई घ्या, तिचं नेढं मोठं असतं. नेहमीच्या कामाला ७५/११, जाड कापडाला ८०/१२ किंवा ९०/१४. सुईच्या पाठीवरचा खळगा हुकाकडे हवा आणि सुई वर टेकेपर्यंत बसवलेली हवी. टोक नखावरून हलकं ओढून बघा. ओरखडा उठला तर सुई गेली. सुईची किंमत तुटलेल्या एका दोऱ्याच्या वेळेपेक्षा कमी असते, तरीही दोरा शंभरदा ओवणारा माणूस सुई एकदा बदलत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दोरा आणि हवा यांचा संबंध सोलापूरच्या लोकांना सांगायला नको. रेयॉनला चमक असते, पण ओला झाला की त्याची ताकद घटते, आणि गणवेशाचं ब्लीचचं धुणं त्याला सोसत नाही. म्हणून शाळेच्या कामाला पॉलिएस्टरच वापरतात. पण कोरड्या उन्हाळ्यात पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठते. दोरा चकत्यांना, नळीला चिकटू पाहतो, शेजारच्या दोऱ्यांत गुंततो. कारखान्यात पाण्याचं भांडं ठेवणं, कूलरची हवा थेट दोऱ्यांवर न येऊ देणं, दोऱ्याचे खोके पत्र्याखालच्या माळ्यावर न ठेवणं, या गोष्टी ताणाच्याच आहेत, जरी नॉब त्यांत कुठे नसला तरी. लग्नसराईत ब्लाऊजवर जरीचं काम येतं तेव्हा मामला आणखी वेगळा. जरीचा दोरा म्हणजे गाभ्याभोवती गुंडाळलेली चपटी फीत. तिला पीळ पडतो, ती चकत्यांत घासते, नेढ्यात खरवडते. तिथे ताण उतरवा, सुई मोठ्या नेढ्याची घ्या, वेग ५०० ते ६०० वर आणा आणि कोन थोडा लांब ठेवा, म्हणजे पीळ सुटायला जागा मिळते. गणवेशाच्या वेगानं जरी चालवायचा हट्ट करणाऱ्या मालकाला नॉब कुठलाच उपाय देणार नाही.

फ्रेममध्ये कापड ढिलं बसलं असेल, किंवा खालचा बॅकिंगचा कागद पातळ असेल, तर सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं जातं. फुगवटा तयार होत नाही, हुकाला दोरा सापडत नाही, टाके सुटतात, दोरा तुटतो. हेही टेन्शनच्या नावावर खपतं. कापडाला चुण्या पडल्या तर मात्र वरचा ताण खरोखर जास्त असू शकतो. पण कागद, फ्रेम आणि डिझाइनची दाटी तपासल्याशिवाय तो निष्कर्ष काढू नका.

आणि हूक. सुई आणि हुकाचं टोक यांच्यात ०.१ ते ०.३ मिलिमीटर एवढंच अंतर असतं, आणि ते टोक सुईशी नेमक्या क्षणी भेटायला हवं. हे टायमिंग बिघडलं असं सांगणं सोपं असतं, कारण ते लावायला मेकॅनिक लागतो आणि मग जबाबदारी आपल्यावर राहत नाही. प्रत्यक्षात काही आदळल्याशिवाय, सुई मोडून आत अडकल्याशिवाय किंवा कुणी स्क्रू सैल केल्याशिवाय ते सहसा हलत नाही. हुकाचं रोजचं काम दोनच: कापूस झटकणं आणि दर चार तासांनी तेलाचा एक थेंब. एकच. जास्त तेल दोऱ्यावर येतं, आणि पांढऱ्या शर्टावर आलेला डाग धुवून जात नाही.

हे सगळं मराठीत का लिहिलं, तर या मशीनचं माहितीपत्रक इंग्रजीत, चिनीत किंवा जपानीत येतं, पडद्यावरची सूचना इंग्रजीत, आणि मशीनवर उभा राहणारा माणूस बहुतेकदा दहावीच्या आत शाळा सुटलेला. तो शिकतो ते शेजारच्या ऑपरेटरकडून. शेजारच्यालाही ते तसंच कुणाकडून मिळालेलं असतं, त्यामुळे "थोडं घट्ट कर", "थोडं सैल कर" यापुढे शिक्षण जात नाही. मेकॅनिककडे ज्ञान असतं. पण तो येतो, करतो, पैसे घेऊन जातो. काय केलं ते सांगायची त्याला गरज वाटत नाही, आणि विचारायची ऑपरेटरची हिंमत होत नाही. मला हे बरोबर वाटत नाही. दिवसाचे बारा तास ज्याच्या कानांत त्या मशीनचा आवाज असतो, त्याला ते मशीन कसं चालतं हे कळण्याचा पहिला हक्क आहे. आणि त्याला कळलं की मालकाचाही माल वाढतो.

पुस्तकाची प्रकरणं मुद्दाम अशा क्रमानं लावली आहेत: आधी ओवणी आणि कोन, मग सुई, मग साफसफाई आणि बॉबिन, मग फ्रेम आणि कागद, मग चेक स्प्रिंग आणि सेन्सरचं चाक, मग वरचा नॉब, आणि सगळ्यांत शेवटी हूक. जे तपासायला फुकट आणि चटकन होतं ते आधी, ज्याला वेळ, पैसा आणि मेकॅनिक लागतो ते शेवटी. दोरा तुटला की कृपा करून याच क्रमानं चला. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती बदलल्यावर पट्टी भरून कापडाची पाठ बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं गुण आला ते कळणार नाही.

शेवटी मालकांना एक विनंती. प्रत्येक मशीनपाशी एक वही टांगा. तीत हेड, सुई, दोऱ्याची कंपनी आणि रंग, मोजलेला ताण, आणि काय केल्यावर सुधारलं हे ऑपरेटरनं स्वतःच्या हातानं लिहावं. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या दिवशी, अर्धा तास मशीन बंद ठेवून सगळ्या सुयांची पट्टी भरून घ्या आणि ते कापड तारीख घालून वहीला लावा. हा अर्धा तास ऑपरेटरच्या जेवणाच्या सुट्टीतून कापू नका, पाळीतच द्या. हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारीतच, हे काम सुरू करा. मार्च लागल्यावर कुणालाच वेळ मिळत नाही.